सूर्य मावळण्याआधीची पंगत

डिसेंबरच्या उत्तरार्धात पालघर-बोईसरच्या किनारपट्टीवर सूर्य सहा वाजून काही मिनिटांनी समुद्राआड जातो. शाळांना नाताळची सुटी लागलेली असते आणि मुंबईकडचे काका-मामा, आत्या-मावश्या मुलाबाळांसह येणार असतात. २०१३ साली लोकल गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागल्यापासून सकाळी येऊन रात्री परतणे सोपे झाले आहे. इतर घरांत अशा मेळाव्याचा कळस म्हणजे रात्रीचे जेवण. चौविहार पाळणाऱ्या घरात तो कळस दुपारी साडेचारला येतो. पाहुणे किती वाजता पोहोचणार, यापेक्षा शेवटचे ताट किती वाजता उचलले जाणार, हा तेथे पहिला प्रश्न असतो.

या भागात त्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे बोईसरजवळ औद्योगिक वसाहत वाढली आणि रसायने, औषधे, कापड, पोलाद यांच्या कारखान्यांनी ठिकठिकाणची माणसे येथे आणली. त्यांत गुजराती होते, मारवाडी होते, कच्छी होते, दक्षिण महाराष्ट्रातून आलेली मराठी जैन कुटुंबेही होती. कारखान्याचे जीवन पाळीवर चालते. घरातील एक जण पहिल्या पाळीला, दुसरा दुसऱ्या पाळीला, तिसरा दुकानात, मुले शिकवणीला. आठवड्याच्या सहा दिवसांत सूर्यास्तापूर्वी सारे घर एका जागी जेवायला बसले, असे क्वचितच घडते. कोणी डबा पाच वाजता कारखान्यातच उघडतो, कोणी घरी पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असल्याने उपाशीच झोपतो. म्हणून सुटीच्या दिवसाची दिवसाउजेडीची पंगत ही या घरांत केवळ हौस राहत नाही. सर्वांनी मिळून जेवण्याची ती बहुधा महिन्यातील एकमेव संधी असते.

आणि नेमकी हीच संधी घरातील एका व्यक्तीच्या हातून निसटते. जी पहाटेपासून स्वयंपाक करते, ती सर्वांत शेवटी बसते. रात्रीच्या जेवणात शेवटी बसणाऱ्याला निदान उशिरा का होईना, जेवण मिळते. चौविहाराच्या घरात उशीर म्हणजे उपवास. पुऱ्या तळता तळता पावणेसहा होतात; मग ती उभ्या उभ्या चार घास घेते, घोटभर पाणी पिते आणि हात धुते. कधी कधी तेवढेही होत नाही, आणि ‘आज भूकच नव्हती’ या तिच्या वाक्यावर सारे घर विश्वास ठेवते. ज्या नियमाने रात्रीचे भोजन वर्ज्य केले, त्याच्या पालनाचा भार असा एकीवरच पडावा, हे काही त्या नियमात लिहिलेले नाही. तो दोष बेताचा आहे, आणि बेत बदलता येतो.

बेत ठरवताना जैन स्वयंपाकघराच्या काही मर्यादा आधी ध्यानात घ्याव्या लागतात, कारण ‘आदल्या दिवशी करून ठेवा’ हा इतरत्र चालणारा सोपा उपाय येथे निम्माच चालतो. पाण्याचा अंश असलेला शिजवलेला पदार्थ रात्र ओलांडली की वासी ठरतो. भाजी, आमटी, भात, पात्रा, ढोकळा हे सारे त्याच दिवशीचे हवे. कोरडे पदार्थ मात्र पुष्कळ टिकतात. श्वेतांबर परंपरेत मिठाई, खाखरे, फरसाण यांचा काळ कार्तिकी पौर्णिमेपासून फाल्गुन चौमासीपर्यंत ३० दिवसांचा, पुढे उन्हाळ्यात २० दिवसांचा आणि चातुर्मासात १५ दिवसांचा धरतात. दिगंबर घरांत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस मानण्याची रीत आहे. म्हणजे डिसेंबर-जानेवारी हा कोरड्या पदार्थांच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत उदार काळ. पालेभाज्या, कोथिंबीर, तीळ, खजूर हेही याच दिवसांत मोकळे असतात. फाल्गुन चौमासीनंतर अनेक घरांत ते बंद होतात. सुटीचा बेत हिवाळ्यात रंगतो, त्याचे एक कारण थंडी आणि दुसरे हे पंचांग.

आता मुख्य पदार्थ. पालघर-डहाणूच्या हिवाळ्याचा खरा मान हंडीचा. वसई-केळव्याकडील वाड्यांत तिला उकडहंडी म्हणतात. डहाणूपुढे, महामार्गाने गुजरातच्या हद्दीत शिरले की तीच जातकुळी उंबाडियू या नावाने भेटते. मडक्यात सुगंधी पाल्याचे थर, त्यात वालपापडीच्या शेंगा, कोनफळ, रताळी, बटाटे. मडके बंद करून उपडे ठेवायचे आणि भोवती पालापाचोळा पेटवायचा. आत पाण्याचा थेंब न घालता भाज्या आपल्याच वाफेवर शिजतात. हिवाळ्यात महामार्गाच्या कडेला हा धूर दिसू लागला की शहरी प्रवासी गाड्या थांबवतात.

जैन घराला या हंडीत दोन अडचणी येतात. तिचा अर्धा भाग कंदांचा असतो, ही पहिली. दुसरी अधिक सूक्ष्म आहे: उघड्यावर वाळका पाला पेटवताना त्यात दडलेल्या बारीक जीवांचे काय, हा प्रश्न श्रावकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. म्हणून येथील जैन हंडी घरातच, शेगडीवर, जाड बुडाच्या भांड्यात होते. कंद काढून टाकल्यावर उरते ते काही कमी नाही. वालपापडी हा तिचा प्राण आहेच. तिच्या जोडीला तुरीचे कोवळे दाणे, कच्ची केळी आणि मेथीचे मुठिये. वांगे अभक्ष्यांच्या यादीत येत असल्याने पुष्कळ घरे ते घालत नाहीत. जी घालतात, त्यांनीही पाहुण्यांना सांगूनच घालावे.

बारा माणसांसाठी दीड किलो वालपापडी, सोललेले पाव किलो तुरीचे दाणे, बारा लहान कच्ची केळी आणि तीसेक मुठिये पुरतात. पापडीची प्रत्येक शेंग शिवणीकडून उघडून पाहिली पाहिजे. हिवाळ्यातील पापडीत अळी असण्याचा संभव मोठा आणि ती बाहेरून दिसत नाही. हे काम एकटीने करू नये. आदल्या दिवशी दुपारी, लख्ख उजेडात, परात मध्ये ठेवून आजी-आजोबा, मुले, सारे भोवती बसले की तासाभरात उरकते. मुलांची नजर तीक्ष्ण असते, त्यांना हे काम खेळासारखे वाटते आणि आजोबांच्या हातून सुटलेली अळी सापडली की त्यांचा आनंद पाहण्यासारखा असतो.

मसाल्याला दोन वाट्या खवलेले ओले खोबरे, दोन जुड्या कोथिंबीर, आठ-दहा हिरव्या मिरच्या, चार चमचे तीळ, दोन चमचे ओवा, धने-जिऱ्याची पूड, मीठ, थोडा गूळ आणि लिंबाचा रस. आले आणि ओली हळद वर्ज्य. वाळलेली हळद व सुंठ चालते आणि ओव्याचा दरवळ आल्याची उणीव जाणवू देत नाही. मुठियांसाठी दोन जुड्या मेथी बारीक चिरून, एक वाटी गव्हाचे जाडसर पीठ, एक वाटी बेसन, तीळ, तिखट, मीठ आणि तेलाचे मोहन घालून घट्ट भिजवावे. अनेक सुगरणी येथे सवयीने दोन चमचे दही घालतात. बेसन आणि कच्चे दही एकत्र आले की द्विदल झाले. दह्याऐवजी लिंबू पिळले की आंबटपणाही येतो आणि प्रश्नही उरत नाही.

केळी सोलू नयेत. देठ काढून, मधोमध दोन तुकडे करून प्रत्येकाला खोल चीर द्यावी आणि मसाला दाबून भरावा. भांड्याच्या तळाशी वाटीभर तेल, त्यावर मीठ-ओवा चोळलेली पापडी व दाणे, वर केळी आणि उरलेला मसाला. अर्धी वाटी गरम पाणी कडेने सोडावे, झाकणाची कड कणकेने बंद करावी आणि मंद आचेवर पाऊण तास हात लावू नये. मुठिये आधी तळून ठेवलेले असतात; ते शेवटच्या दहा मिनिटांत घालावेत, नाहीतर त्यांचा चुरा होतो. कणीक फोडून झाकण उघडताना जो वास सुटतो, त्यात कोनफळाची आठवण कोणाला होत नाही.

कच्च्या केळ्याविषयी येथे थोडे बोलायला हवे. बाजारात ‘जैन’ या शब्दाचा अर्थ हल्ली ‘बटाट्याच्या जागी केळे’ एवढाच उरला आहे. जैन पावभाजी, जैन वडा, जैन समोसा, सर्वत्र केळ्याला बटाट्याचे सोंग दिले जाते आणि त्या सोंगात ते हमखास उघडे पडते. बटाटा शिजला की भुसभुशीत होतो. केळे अधिक शिजले की चिकट होते, आणि हवा लागताच काळवंडते. त्याला बटाटा समजून लगदा करण्यापेक्षा केळे म्हणून वागवले तर ते उत्तम पदार्थ होते. सालासकट पंधरा मिनिटे वाफवावे, कोमट असतानाच सोलावे, जाड चकत्या करून लिंबाच्या पाण्यातून काढाव्या आणि मोहरी-तीळ-कढीलिंबाच्या फोडणीत नुसत्या परताव्या. मुलांना पावभाजी हवीच असेल तर ती कोबी, फ्लॉवर, मटार, दुधी, टोमॅटो यांवर उभी करावी; केळे एखादेच, दाटपणापुरते. मात्र गरमागरम केळ्याचे वडे हा सुटीच्या बेतातून वगळावा असाच पदार्थ. ते चांगले लागतात यात वाद नाही, पण ते खाणारा जेवत असताना तळणारी कढईपाशी अडकलेली असते. पुऱ्यांचेही तेच. हंडीबरोबर ज्वारी-बाजरीच्या भाकऱ्या दुपारी करून कापडात गुंडाळून ठेवल्या तर साडेचारला त्या मऊच असतात.

कोकणात सणाला डाळिंब्यांची उसळ होते, आणि ती मोड आलेल्या वालांची असते. मोड आलेले कडधान्य अनंतकाय मानणाऱ्या घरांत हे वाल भिजतात, पण त्यांना मोड येऊ दिला जात नाही. सकाळी कोमट पाण्यात चार-पाच तास भिजवून, हिंग-ओव्याच्या फोडणीत, गूळ आणि चिंचेच्या कोळात शिजवले की गुजराती लग्नातील आंबट-गोड वाल तयार. भाताला वाडा कोलम आहेच. वाडा तालुक्याच्या या बारीक, हलक्या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; तो पटकन शिजतो आणि जुना असेल तर मोकळा होतो. साध्या भातावर तूप आणि हे वाल, एवढ्यावरच कित्येक वृद्धांचे जेवण होते.

सुटी अष्टमी-चतुर्दशीला आली तर हा हिरवा बेत कोसळतो. त्या दिवशी हिरवी भाजी न खाणाऱ्यांसाठी मारवाडी स्वयंपाकघराकडे वळावे. वाळवंटी प्रदेशातील श्राविकांनी सुक्या भाज्यांची जी परंपरा उभी केली, तिला तोड नाही: केर-सांगरी, मुगाच्या मंगोड्या, पापडाची भाजी, गट्टे, दाल-बाटी. बाटी तर या बेताला फारच सोयीची. एकदा भाजून तुपात बुडवली की तीन तास तिच्याकडे पाहावे लागत नाही. गट्ट्यांच्या रश्शात एक पथ्य: दही आधी स्वतंत्र पातेल्यात, बोट ठेववणार नाही इतके गरम करावे आणि मगच त्याचा बेसनाशी संबंध येऊ द्यावा. मंद आच, सतत ढवळणे आणि मीठ शेवटी, एवढे सांभाळले की दही फाटत नाही.

हेच पथ्य पेयाच्या निवडीलाही लागू पडते, आणि येथे अनुभवी घरेही चुकतात. उंबाडियूबरोबर ताक पिण्याची रीत सर्वत्र आहे. परंतु पापडी आणि तूर ही दोन्ही द्विदलेच. त्यांच्या ताटाशेजारी कच्च्या ताकाचा पेला ठेवला की हंडीसाठी घेतलेली सारी काळजी वाया गेली. ताक हवेच असेल तर ते गरम करून, जिरे-हिंग लावून, निववून द्यावे. त्याहून सोपे म्हणजे कोकम. तीस-पस्तीस आमसुले दोन वाट्या कोमट पाण्यात दोन तास भिजवून कुस्करावी, गाळावी, साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि काळे मीठ घालून उकळून निववलेल्या अडीच लिटर पाण्यात मिसळावी. बारा पेले होतात. बर्फ बावीस अभक्ष्यांत येतो, म्हणून सरबत थंड करण्यासाठी माठ. डिसेंबरात खरे तर माठाचीही गरज नसते. सकाळी उकळलेले पाणी हिवाळ्यात चार प्रहर चालते, म्हणजे एकदा मोठे पातेले उकळून ठेवले की संध्याकाळपर्यंतची निश्चिंती.

पाहुणे सकाळी पोहोचतात तेव्हाचे पेय वेगळे. नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. या दिवसांत ती आठच्या जरा आधी येते. गाडीतून कुडकुडत आलेल्यांच्या हाती चहापेक्षा राब द्यावी. दोन मोठे चमचे तुपात तीन चमचे बाजरीचे पीठ मंद आचेवर खमंग भाजायचे, चिमूटभर ओवा, मग अर्धी वाटी गूळ विरघळवलेले चार पेले गरम पाणी गुठळी न होऊ देता ओतायचे, सुंठ अर्धा चमचा आणि गंठोड्याची पूड त्याच्या निम्मी. पाच मिनिटांत चार जणांची राब होते. ज्यांना गोड नको, त्यांच्यासाठी गवती चहा, पुदिना, मिरे, वेलची, सुंठ यांचा काढा. येथल्या घरांच्या मागच्या अंगणात गवती चहाचे बेट बहुधा असतेच. तिथी असेल तर पाती वगळून नुसती सुंठ-मिरी. आल्या-गेल्यासाठी शहाळी आणून ठेवली म्हणजे काही करावेच लागत नाही, आणि किनाऱ्याच्या गावात त्यांची वाण नाही.

गोडाधोडात या जिल्ह्याने दिलेली खरी देणगी चिकूची. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या वाड्यांच्या उभारणीत इराणी बागाईतदारांचा मोठा वाटा आहे, आणि बोर्डीला चिकू महोत्सवही भरतो. तरीही सुटीच्या ताटात चिकू क्वचित दिसतो. पाहुण्यांना बाहेरची बंगाली मिठाई द्यावी असे यजमानांना वाटते, आणि पाहुणे मात्र परतताना स्टेशनबाहेर चिकू शोधत असतात. दोन लिटर दूध आटवून सव्वा लिटरवर आणावे, चार चमचे साखर, वेलची आणि किंचित जायफळ घालून पूर्ण निववावे आणि मग आठ-दहा चांगल्या पिकलेल्या चिकूंचा गर हाताने मोडून घालावा. चिकू घातल्यावर पुन्हा उकळू नये. कच्च्या चिकूत चीक व तुरटपणा असतो आणि एकच कच्चे फळ सारी बासुंदी बिघडवते. काढणीयोग्य चिकू ओळखण्याची बागेतील खूण अशी की सालीवर नख ओढले असता खाली हिरवे दिसत नाही. ते पिवळसर दिसते. ही बासुंदी दुपारी बाराला तयार होते आणि साडेचारपर्यंत तिची चव वाढतच जाते.

कोरड्या गोडात सुखडीला पर्याय नाही. दोन वाट्या जाडसर कणीक एक वाटी तुपात तांबूस होईपर्यंत भाजायची, आच बंद करायची आणि मगच एक वाटी किसलेला गूळ मिसळून थापायची. आच चालू असताना गूळ घातला की वडी दगडासारखी होते. सुखडी बिघडण्याचे हेच मुख्य कारण. गुजरातेत महुडीच्या घंटाकर्ण महावीर तीर्थात सुखडीचाच प्रसाद असतो आणि तो आवाराबाहेर नेऊ दिला जात नाही, तेथेच संपवायचा असतो. घरच्या सुखडीला असे बंधन नसल्याने तिचे डबे गावोगाव जातात. दक्षिण महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांत याच दिवसांत खपली गव्हाची खीर होते. ती मात्र त्याच दिवशी संपवावी लागते, आणि संपतेही.

पंचांगाकडे आणखी एकदा पाहायला हवे. मार्गशीर्ष वद्य दशमी, म्हणजे उत्तरेच्या पूर्णिमान्त गणनेतील पोषदशमी, श्वेतांबर परंपरेत भगवान पार्श्वनाथांच्या जन्मकल्याणकाची तिथी. ती पुष्कळदा नाताळच्या सुटीच्या आसपास येते. कोणी अठ्ठम करतो, कोणी तीन एकासणी: पहिल्या दिवशी साखरेचे पाणी, दुसऱ्या दिवशी खीर, तिसऱ्या दिवशी नेहमीचे भोजन. अशा पाहुण्यासमोर पंचपक्वान्नांचे ताट ठेवून ‘थोडे तरी घ्या’ म्हणणे हा आदर नव्हे. बोलावताना दूरध्वनीवरच विचारावे: कोणाचे व्रत आहे का, पीठ किती दिवसांचे चालते, हिरवे चालते का. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी अशा घरांत सोयरिकी झालेल्या असतात आणि एकाच पंगतीत तीन तऱ्हेच्या मर्यादा बसलेल्या असतात. विचारल्याने पाहुण्याला संकोच वाटेल ही भीती व्यर्थ आहे. न विचारता वाढलेले पानात टाकावे लागते, तेव्हाचा संकोच मोठा.

राहिला वेळेचा हिशेब. आदल्या दिवशी पापडी निवडलेली, सुखडी थापलेली, खाखरे भाजलेले. सकाळी राब, मग दूध आटायला आणि वाल भिजत. अकराला मुठिये तळून कढई पुसून ठेवायची, ती पुन्हा चढवायची नाही. अडीचपर्यंत वाल आणि भाकऱ्या, तीनला हंडीचे झाकण कणकेने बंद, चारला भात. सव्वाचारनंतर शेगडीपाशी कोणी उभे असण्याचे कारण उरत नाही. साडेचारच्या पहिल्या पंगतीत जिने स्वयंपाक केला तिने बसावे, आणि वाढायला घरातील तरुण मुले व पुरुष. वाढणाऱ्यांची दुसरी पंगत सव्वापाचला. त्यांना भूक लागलेली असल्याने ते वेळेवर बसतात, आठवण करावी लागत नाही. काही घरांत सासूबाईंना सुनेने आधी बसणे प्रथम खटकते. ‘सूनबाई, तुम्ही बसा, मी वाढते’ असे एकदा त्यांनीच म्हटले की पुढच्या वर्षी तीच घराची रीत होते.

परतणाऱ्यांच्या पिशवीत काय द्यायचे, हेही आधी ठरलेले बरे. हंडी कितीही उरली तरी डब्यात भरून देऊ नये. रात्र उलटली की ती निरुपयोगी. ती शेजारीपाजारी दिवस असतानाच वाटून टाकावी. सुखडी आणि मेथीचे खाखरे महिनाभर निर्धास्त. डब्यावर केल्याची तारीख चिकटवावी, म्हणजे काळ मोजणे सोपे जाते. चिकू देताना निम्मे पिकलेले आणि निम्मे कडक द्यावे. कडक चिकू कागदात गुंडाळून ठेवले की तीन-चार दिवसांनी तेही खाण्याजोगे होतात.